मेणबत्त्या खाणारा वाटाड्या

आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर सोफाला नावाचं पोर्तुगिजांचं एक ठाणं होतं. १५८८ च्या सुमारास तिथे जुआंव दुश सांतुश नावाचे डोमिनिकन पाद्री राहत होते. चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या की एक लहानसा पक्षी आत यायचा आणि मेण टोचून खायचा, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. मेणबत्त्या त्या काळी मधमाश्यांच्या मेणाच्या असत, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पाद्रीबाबांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: हाच पक्षी रानात माणसांपुढे उडत जातो आणि त्यांना मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. पाद्रीबाबा पुढे भारतात आले आणि १६२२ मध्ये गोव्यात वारले. त्यांच्या पुस्तकातली ही नोंद युरोपातल्या वाचकांनी बरीच वर्षं गंमत म्हणून वाचली असावी. पक्षी माणसाला वाट दाखवतो म्हटल्यावर इसापाचीच आठवण येणार.

गंमत नव्हती. त्या पक्ष्याचं इंग्रजी नाव ग्रेटर हनीगाइड आणि शास्त्रीय नाव इंडिकेटर इंडिकेटर. नाव देणाऱ्यालाही एकदा सांगून समाधान झालं नसावं. वजन जेमतेम पन्नास ग्रॅम, रंग मातकट, गर्दीत चटकन नजरेत न भरणारा. पण त्याचं पोट जगावेगळं आहे. मेण पचवू शकणारे पृष्ठवंशी प्राणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि हा त्यांतला एक. अडचण एवढीच की मेण असतं पोळ्यात, पोळं असतं झाडाच्या ढोलीत आणि ढोलीच्या तोंडाशी असतात माश्या. आपली सातेरी जशी ढोलीत नाहीतर खडकाच्या कपारीत पोळं करते, तसंच आफ्रिकेतल्या मधमाशीचं आहे. फक्त तिचा स्वभाव सातेरीचा नसून आग्या मोहोळाच्या वळणावर गेलेला आहे. पन्नास ग्रॅमच्या पक्ष्याला ती डंख मारून ठार करू शकते.

माणसाकडे धूर आहे आणि कुऱ्हाड आहे. पोळं कुठे आहे ते मात्र त्याला ठाऊक नाही. पक्ष्याला ठाऊक आहे, पण ते फोडता येत नाही. म्हणून पक्षी माणसाजवळ येऊन एका खास आवाजात कलकलाट करतो, शेपटीच्या कडेची पांढरी पिसं दाखवत थोडं पुढे उडतो, झाडावर बसून मागे कोणी येतंय का याची वाट बघतो, पुन्हा उडतो. माणूस पोळं फोडतो, मध नेतो, आणि मेण व अळ्या पक्ष्याला मिळतात. इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी: हा पक्षी पाळलेला नाही. त्याला कोणी शिकवलेलं नाही, पिंजऱ्यात ठेवलेलं नाही. रानातला मोकळा पक्षी आपण होऊन हे करतो.

याच कुळातला एक पक्षी आपल्या हिमालयातही आहे, पिवळ्या कंबरेचा. कड्यांवर लटकणाऱ्या मोठ्या हिमालयी मधमाशीच्या पोळ्यांशी तो ठाण मांडून बसतो आणि मेण खातो. माणसाला मात्र तो कुठेही नेत नाही. कड्यावरचं ते भलंमोठं पोळं खालच्या दरीतून कोणालाही दिसतं. वाटाड्याची गरजच कोणाला, असं मला वाटतं.

आफ्रिकेतल्या वाटाड्याची गोष्ट खरी आहे हे विज्ञानाने मोजून दाखवायला १९८९ साल उजाडावं लागलं. केनियाचे हुसेन आयझॅक आणि त्यांचे सहकारी हाइन्झ-उलरिख रायर यांनी उत्तर केनियातल्या बोराना लोकांबरोबर तीन वर्षं फिरून मोजमाप केलं. अनोळखी भागात पक्ष्याशिवाय पोळं शोधायला सरासरी ८.९ तास लागत. पक्ष्यामागे गेलं तर ३.२ तास. आणि जी पोळी सापडली, त्यांतली ९६ टक्के अशी होती की माणसाने फोडून दिल्याशिवाय पक्ष्याची चोच तिथे पोहोचलीच नसती.

मला या अभ्यासातला दुसरा भाग जास्त आवडतो. बोराना शिकारी म्हणत होते की पक्षी नुसता पुढे उडत नाही, तो माहितीही देतो. उडण्याच्या रोखावरून दिशा कळते, पहिल्यांदा किती वेळ दिसेनासा होतो यावरून अंतर कळतं, आणि पोळं जवळ आलं की तो खालच्या फांद्यांवर बसू लागतो. असं काही कोणी आपल्याला गावात सांगितलं असतं तर आपण मान डोलावून चहा पिऊन परत आलो असतो. आयझॅक आणि रायर यांनी प्रत्येक दावा फूटपट्टी आणि घड्याळ घेऊन तपासला. तिन्ही बरोबर निघाले.

आयझॅक यांचं व्याख्यान शाळकरी वयात ऐकलेली एक मुलगी पुढे पक्षीशास्त्रज्ञ झाली. क्लेअर स्पॉटिसवूड तिचं नाव. तिच्या कामामुळे हा विषय पक्षीशास्त्रातून निघून संस्कृतीच्या अभ्यासात आला.

मोझांबिकच्या उत्तरेला नियासा नावाचं प्रचंड अभयारण्य आहे. त्याच्या आत गावं आहेत, माणसं राहतात. तिथले याओ लोक मध गोळा करायला निघाले की एक आवाज काढतात. आधी जीभ किंवा ओठ थरथरवत ‘ब्रर्रर्र’ आणि मग घशातून हुंकार: ‘ब्रर्रर्र-हम्’. बैलाला चुचकारताना आपला शेतकरी काढतो त्याच जातीचा हा आवाज, शब्द नव्हे. हाच आवाज का, असं स्पॉटिसवूड यांनी वीस जणांना विचारलं. उत्तर एकच आलं: वडिलांकडून शिकलो. बदलला तर मध मिळण्याची शक्यता कमी होईल, असंही ते म्हणाले.

मग प्रयोग झाला. रानात पंधरा-पंधरा मिनिटांच्या ७२ फेऱ्या मारल्या. सोबतच्या ध्वनिवर्धकावर कधी ब्रर्रर्र-हम् वाजवलं, कधी माणसाचा दुसराच आवाज (शिकाऱ्याने आपलं नाव पुकारलेलं), तर कधी होल्याचं घुमणं. इतर आवाजांना पक्षी वाटाड्या बनून येण्याची शक्यता ३३ टक्के होती. याओंच्या हाकेला ती ६६ टक्के झाली. सरतेशेवटी पोळं सापडण्याची शक्यता १७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेली, म्हणजे तिपटीहून जास्त. पक्ष्याला नुसतं ‘माणूस आला’ एवढं कळत नव्हतं. ‘हा माणूस मधासाठी निघालाय’ हे कळत होतं. २०१६ मध्ये हा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला आणि बराच गाजला.

पण त्यात एक भोक राहिलं होतं. हा पक्षी अशा प्रकारचा आवाज ओळखण्याची क्षमता जन्मतःच घेऊन येतो, की इथला आवाज इथे राहून शिकतो? पहिली शक्यता खरी असेल तर ही पक्ष्याची उपजत खोड. दुसरी खरी असेल तर मात्र मामला वेगळा: पक्षी माणसांची स्थानिक रीत शिकतोय, म्हणजे माणसांच्या संस्कृतीचा एक तुकडा पाखराच्या डोक्यात जातोय.

उत्तरासाठी उत्तरेला, टांझानियात जावं लागलं. एयासी सरोवराच्या आसपास हाड्झा लोक राहतात. सगळे मिळून हजार-तेराशे. त्यांच्या भाषेत जीभ टाळूवर वाजवून काढलेले उच्चार आहेत आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. त्यांच्यातले काहीशे लोक आजही मुख्यतः शिकार, कंदमुळं, फळं आणि मध यांवर जगतात. सगळ्यांत आवडीचं खाणं कोणतं असं विचारलं तर बायका आणि पुरुष दोघंही मधाचं नाव घेतात. पोळं बरेचदा गोरखचिंचेवर असतं. वसईला किंवा मुंबईत ज्यांनी गोरखचिंचेचं झाड पाहिलं आहे त्यांना तो पिंपासारखा गुळगुळीत बुंधा आठवेल. त्याला कवळ घालून चढणं अशक्य. हाड्झा पुरुष लाकडाच्या खुंट्या बुंध्यात ठोकत ठोकत, आपलीच शिडी करत वर जातो, तेही हातात धुमसता पलिता घेऊन.

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ब्रायन वूड २००४ पासून हाड्झांमध्ये काम करत आहेत. हाड्झा पक्ष्याला ब्रर्रर्र-हम् करत नाहीत. ते शीळ घालतात: लांब, सुरेल, चढ-उतार असलेली. याचं एक कारण वूड आणि स्पॉटिसवूड यांच्या मते असं असावं की हाड्झा मधासाठी निघतात तेव्हा खांद्यावर धनुष्यही असतं. वाटेत हरणासारखं काही भेटलं तर शिकार सोडायची नाही. शीळ पाखराच्या आवाजात मिसळून जाते, सावजाला माणसाची चाहूल लागत नाही. याओंना ती काळजी नाही.

दोघांनी मिळून दोन्ही ठिकाणी तीन-तीन आवाज वाजवले: आपल्या गावचा, परगावचा आणि तिसरा असाच काहीतरी मानवी आवाज. २०२३ च्या अखेरीस निकाल ‘सायन्स’मध्येच छापून आला. टांझानियाच्या किडेरो टेकड्यांतल्या पक्ष्यांनी हाड्झांच्या शिळेला याओंच्या हाकेपेक्षा तीन पटींहून अधिक प्रतिसाद दिला. नियासातल्या पक्ष्यांनी उलटं केलं. ते याओंच्या हाकेला शिळेपेक्षा जवळजवळ दुपटीने आले. प्रजाती एकच. मध एकच, मेणाची भूकही एकच. शेकडो किलोमीटर दूर गेल्यावर मात्र परक्या हाकेला पक्षी बराच कमी आला.

हे वाचताना मला बोहारीण आठवली. जुन्या वाड्यांत, चाळींत दुपारी तिची आरोळी यायची. त्यात ‘कपडे’ होतं, ‘भांडी’ होतं की आणखी काही, हे शब्द म्हणून कोणालाच नीट ऐकू येत नसे. वर्षानुवर्षं घासून घासून शब्दांचा नुसता सूर उरलेला. पण तो सूर कानावर पडला की तिसऱ्या मजल्यावरची बाई जुन्या साड्यांचं बोचकं घेऊन जिन्यात येत असे. आता एखाद्या नव्या बोहारणीने त्याच गल्लीत अगदी स्पष्ट, शुद्ध मराठीत आपल्या व्यवसायाची माहिती द्यायला सुरुवात केली असती, तर कोणी दार उघडलं असतं? सूर चांगला की वाईट याला महत्त्व नाही. गल्लीला तो माहीत आहे याला आहे. म्हणून बोहारीण तो बदलत नाही, आणि ती बदलत नाही म्हणून गल्ली तो विसरत नाही.

नियासात आणि किडेरोत हेच चाललं आहे, असं संशोधकांचं म्हणणं. माणूस वेगळी हाक देऊ लागला तर पक्षी येणार नाही, तोटा माणसाचा. पक्षी इथल्या हाकेकडे दुर्लक्ष करू लागला तर पोळं फुटणार नाही, तोटा पक्ष्याचा. दोघंही एकमेकांना जुन्या रिवाजाला बांधून ठेवतात. मानवशास्त्राच्या पुस्तकांत संस्कृतीची व्याख्या ‘जन्माने नव्हे तर शिकून आलेली, समाजात वाटून घेतलेली रीत’ अशा धर्तीची असते. त्या ‘समाजात’ कोण कोण बसतं, हा प्रश्न आजवर फारसा कोणी विचारला नव्हता.

दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. अलीकडे नियासातल्याच वेगवेगळ्या गावांत हाका ध्वनिमुद्रित करून ताडून पाहिल्या, तर तिथेही तेच आढळलं. दोन गावांमधलं अंतर वाढलं की हाकेतला फरकही वाढतो. रान दाट की विरळ याने त्याचा उलगडा होत नाही. ती सरळ सरळ बोली आहे. केनियातले बोराना तर तोंडाने शीळही घालत नाहीत. ते बंद मुठींत, गोगलगायीच्या शंखांत किंवा पोकळ केलेल्या कठीण फळात फुंकर मारतात. ‘फुउलिडो’ म्हणतात त्याला, आणि तो आवाज किलोमीटरभर ऐकू जातो.

आता मोबदल्याची गोष्ट. इथे दोन समाजांतला फरक इतका ठळक आहे की त्यावर थोडं रेंगाळायलाच हवं.

याओ माणूस पोळं काढून झालं की मेणाचे तुकडे गोळा करतो, हिरव्या पानांवर मांडतो आणि पक्ष्यासाठी ठेवून जातो. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी अशी समजूत आहे की पक्ष्याचा वाटा बुडवला तर पुढच्या खेपेला तो तुम्हाला मधाऐवजी सिंहापाशी किंवा सापापाशी नेतो. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पानाला हात न लावणाऱ्या घरातल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

हाड्झा मात्र वाटा मुद्दाम बुडवतात. वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा हिशोब मांडला. हाड्झा उरलेलं मेण वेचून लपवतात, पुरतात, नाहीतर जाळून टाकतात. का? पक्षी भुकेला राहावा म्हणून. पोट भरलं तर तो आजचा दिवस झोपून काढेल. उपाशी राहिला तर लगेच दुसरं पोळं दाखवेल. रोजगार हमीवर मजुरी थकवण्याचंच हे तत्त्वज्ञान, असं माझ्या मनात आलं आणि थोडा रागही आला. पण आकडे पाहिले तर हाड्झांचा हा वाटाड्याही काम सोडून गेलेला दिसत नाही. पक्ष्याच्या मदतीने पोळी सापडण्याचा वेग ५६० टक्क्यांनी वाढतो आणि हाड्झांच्या वर्षभराच्या आहारातला ८ ते १० टक्के वाटा या पक्ष्याच्या मदतीने येतो. माणूस कितीही झाकायला गेला तरी फोडलेल्या ढोलीत, मातीत, पानांच्या कचऱ्यात काहीतरी सांडतंच. पक्ष्याला तेवढं पुरत असावं.

म्हणजे एकाच पक्ष्याशी एक समाज देवघेवीचं नातं ठेवतो आणि दुसरा खडूस मालकासारखा वागतो, तरी दोन्हीकडे काम चालतं. निसर्गाशी ‘सुसंवाद’ साधून राहणारे आदिवासी, हे शहरी माणसाचं लाडकं चित्र या हाड्झांपुढे जरा फिकं पडतं. मला ते बरंच वाटतं. हाड्झा माणसं आहेत, हिशेबी आहेत, आणि मध त्यांना फार आवडतो.

हनी बॅजर नावाच्या प्राण्याचीही एक जुनी गोष्ट आहे. हा प्राणी भारतातही आढळतो, पण गोष्ट आफ्रिकेतली. पक्षी माणसाप्रमाणे बॅजरलाही पोळ्यापर्यंत नेतो, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापत आले. शास्त्रज्ञ त्यावर नाक मुरडू लागले, कारण त्यांच्यापैकी कोणी ते पाहिलं नव्हतं. जेसिका व्हॅन डर वॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ मार्ग धरला. नऊ देशांतल्या जवळपास चारशे मध-शिकाऱ्यांना विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, असं काही पाहिलं नाही. पण टांझानियातल्या तीन समाजांतून ‘पाहिलंय’ असं उत्तर येत राहिलं, आणि हाड्झांत तर निम्म्याहून अधिक लोकांनी तसं सांगितलं. एखाद्याने सांगितलं तर ती दंतकथा म्हणता येते. पण रानात शिकारीसाठी आवाज न करता फिरणाऱ्या माणसांपैकी निम्मी माणसं एकच गोष्ट सांगत असतील, तर जीपमधून फिरणाऱ्याला ती दिसली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. बोरानांच्या तीन दाव्यांचं काय झालं ते आपण पाहिलंच.

हे सगळं किती जुनं असावं? माणसाच्या हातात विस्तव आणि धारदार दगड आल्यानंतरचं, एवढं नक्की. म्हणजे कदाचित लाखो वर्षं. संपायला मात्र तेवढी लागत नाहीत. हर्बर्ट फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये या पक्ष्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की काही भागांत पक्षी माणसांना न्यायचा थांबत चालला आहे. कारण समजायला कठीण नाही. दुकानात साखर आली. साखर मधापेक्षा स्वस्त, शिवाय माशी चावत नाही. पोरं शाळेत आणि मग शहरात गेली. काही अभयारण्यांत मध काढायलाच बंदी झाली. पक्षी तिथेच आहे, येऊन कलकलाट करतो, पण मागे कोणी येत नाही. काही दिवस, काही वर्षं, आणि मग तोही दुसरीकडे पोट भरायला शिकतो.

अभयारण्य आखताना झाडं मोजतात, वाघ-सिंह-हत्ती मोजतात. शीळ मोजायची पद्धत नाही. नियासाचं नशीब असं की तिथे माणसं आत राहिली. तिथल्या मध-शिकाऱ्यांना सोबत घेऊनच हा सगळा अभ्यास उभा राहिला आहे.

पक्ष्याच्या बाळपणाबद्दल सांगायचं राहिलं. हा पक्षी कोकिळेसारखा आहे, आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालतो. बऱ्याचदा ते घरटं असतं आपल्या वेड्या राघूच्या आफ्रिकी भावंडाचं, जमिनीतल्या बिळात, गच्च अंधारात. पिलाच्या चोचीला जन्मतः दोन तीक्ष्ण आकडे असतात. डोळे उघडायच्या आधीच ते त्या आकड्यांनी घरमालकाच्या पिल्लांना भोसकून मारतं. स्पॉटिसवूड यांनी झांबियात बिळात कॅमेरा लावून हे चित्रित केलं आहे, आणि ते बघवत नाही. या पिलाला वाढवतात वेडे राघू, आणि त्यांना मधाशी काही देणंघेणं नसतं; ते माश्या हवेतच टिपतात. पंख फुटले की पिलू बाहेर पडतं. आपल्या जातीचा कोणी त्याला काही शिकवायला तिथे नसतो.

ब्रर्रर्र-हम् कुठून शिकलात, असं विचारल्यावर याओ शिकारी म्हणाले होते, वडिलांकडून. मुलगा बापाच्या मागे रानात चालत राहतो आणि हाक देत राहतो. वर फांदीवर एक पाखरू बसलेलं असतं. त्याने आपला बाप कधी पाहिलेला नसतो, आणि ती हाक त्यालाही त्याच दोघांच्या तोंडून ऐकायला मिळते.